स्वेटरला किती तास लागतात?

डिसेंबर उजाडला की आमच्या घरी दिवाणावर बसायला जागा उरत नाही. एका टोकाला आजी, दुसऱ्या टोकाला आई आणि मध्ये लोकरीचे गुंडे. आई क्रोशाच्या सुईवर तारे, घंट्या, लाल टोप्या, बोटभर उंचीचे सांता करते. नाताळच्या सुट्या लागायच्या आधी ते सगळं जायचं असतं. फोटो मी काढते, इन्स्टाग्रामवर मी टाकते, मेसेजला उत्तरंही मीच देते.

या वर्षी सदरच्या एका काकूंचा मेसेज आला. दोन वर्षांच्या नातवासाठी पूर्ण बाह्यांचा स्वेटर हवा होता, सुयांवर विणलेला, समोर हरणं. आईनं नऊशे सांगितले. उत्तर आलं, ‘तीनशेला देता का? बाजारात तेवढ्यात मिळतो.’

मला राग आला. आईला नाही आला. ती म्हणाली, ‘बरोबरच आहे त्यांचं, मिळतो.’ मग मी हिशोब मांडला. लोकरच दोनशेची. उरले शंभर. मागच्या वेळी तसाच स्वेटर केला तेव्हा मी मोबाईलवर वेळ लावून ठेवली होती : बॉर्डर, पाठ, दोन पुढचे भाग, बाह्या, गळा, शिवण, बटणं असे मिळून बावीस तास. म्हणजे तासाला साडेचार रुपये. आजीला वाचून दाखवलं तर ती सुई न थांबवता म्हणाली, ‘तास काऊन मोजून राहिली? विणकामाचे तास असतात का कुठं?’

तिचं वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. कारण आजीनं साठ वर्षं विणलंय. मुलांचे, पुतण्यांचे, भाच्यांचे स्वेटर, गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीसाठी बाळंतविडा, आत्यांच्या रुखवतात मांडलेले क्रोशाचे रुमाल आणि तोरणं. आणि तिला कुणी विचारलं, ‘काय करता?’ तर तिचं उत्तर ठरलेलं : ‘काही नाही, घरीच असते.’

हे उत्तर फक्त तिचं नाही, सरकारी आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात प्रत्येक माणसाच्या कामाला एक कोड क्रमांक मिळतो. फक्त घरकाम करणाऱ्याला ९२. घरकामासोबत सरपण, भाजीपाला गोळा करणं किंवा घरच्या वापरासाठी शिवण, विणकाम असं काही करणाऱ्याला ९३. हे दोन्ही कोड श्रमशक्तीच्या बाहेरचे धरले जातात. गंमत अशी की संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये ठरवलेल्या राष्ट्रीय लेखा पद्धतीत घरच्या वापरासाठी केलेली वस्तू उत्पादनात धरायला हवी असं म्हटलेलं आहे. म्हणजे नियमाप्रमाणे आजीचा स्वेटर हे उत्पादन, पण तो विणणारी आजी कामगार नाही. स्वेटर जणू आपोआप झाला.

हे असं कसं झालं याचा माग काढायचा तर नागपूर ही जागा चांगली आहे, कारण हे शहर मुळातच विणणाऱ्यांचं आहे.

मराठीत ‘विणणे’ हे क्रियापद फार मोठ्या मनाचं आहे. बाज विणतात, टोपली विणतात, लुगडं विणतात, स्वेटरही विणतात. इंग्रजीत स्वेटरसाठी मात्र वेगळा शब्द लागतो. पण ‘विणकर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मागावर बसलेला पुरुष येतो. नागपुरात भोसल्यांच्या काळापासून कोष्टी समाजाचे हातमाग होते. इथली धोतरं, लुगडी, त्यांचे काठ दूरवर जात. १८६७ मध्ये रेल्वे आली आणि १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया राणी त्याच दिवशी भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. विणकर आणि गिरणी कामगार यांच्याबद्दल अहवाल निघाले, संप झाले, पुस्तकं लिहिली गेली. पण हातमागाच्या घरातही कांड्या भरणं, सूत उकलणं, ताण्याची तयारी ही कामं बायका-मुलांकडे असत. त्यांना वेगळी मजुरी नसे. माग चालवी तो विणकर, कांड्या भरे ती त्याची बायको.

लोकरीचं आणि क्रोशाचं विणकाम या शहरात मागाहून, दुसऱ्याच दारानं आलं. दोन सुयांवरचं विणकाम जगात तसं जुनं आहे. त्याचे सर्वांत जुने नमुने इजिप्तमध्ये सापडलेत, हजार वर्षांच्या आसपासचे, आणि मजा म्हणजे ते सुती आहेत. क्रोशा मात्र त्यापुढे अगदी तरुण. आज आपण ओळखतो ते क्रोशाकाम एकोणिसाव्या शतकात युरोपात पसरलं. शब्द फ्रेंच, अर्थ छोटा आकडा. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं आणि मोठा दुष्काळ पडला, तेव्हा कॉर्कच्या जोगिणींनी गावातल्या बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली. उपाशी घरं त्या लेसवर जगली. क्रोशाच्या इतिहासात हेही आहे, पोटासाठी विणणं. तो नुसता छंद नव्हता.

त्याच १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी नागपुरात पोचला. त्याच्या नावाचं कॉलेज आपल्याला माहीत आहे. साधारण त्याच सुमाराला युरोपातल्या सॅव्हॉय प्रांतातल्या अ‍ॅनसी गावाहून निघालेले कॅथलिक मिशनरी विशाखापट्टणमला उतरले. नागपूर-कामठीही त्यांच्याच अखत्यारीत होतं. १८४९ मध्ये त्यांच्या मागोमाग सेंट जोसेफच्या सिस्टर्स भारतात आल्या आणि पुढे कामठी-नागपुरात या नावाच्या कॉन्व्हेंट शाळा उभ्या राहिल्या. सॅव्हॉयची भाषा फ्रेंच. कामठीला १८२१ पासून लष्करी छावणी होती, गोरे सैनिक होते, त्यांची कुटुंबं होती. या सगळ्यांच्या बरोबर सुया आल्या, लोकर आली, नाताळच्या आधी चर्चच्या वेदीवरच्या कापडाला लेस लावायची पद्धत आली. मिशनच्या मुलींच्या शाळेत अक्षरओळखीइतकाच सुईदोऱ्याचा तास पक्का असे.

पुढच्या दोन पिढ्यांत हे काम मराठी घरांनी इतकं आपलंसं केलं की त्याचं परकेपण पार पुसलं गेलं. क्रोशाचे टाके बघा : साखळी, खांब, मुका खांब. ‘मुका खांब’ हे नाव ज्या कुणी बाईनं पहिल्यांदा ठेवलं, तिला भाषेचा कान होता. नुसता बुटका टाका म्हणून ती मोकळी झाली नाही, त्याला बोलता न येणारा खांब केलं. आजी तर सुयांवर विणताना हिंदीत मोजते, ‘दो सीधे, एक उल्टा’, आणि क्रोशा घेतला की मराठीत. नागपूरच्या बायकांच्या विणकामात अशी भाषांची सरमिसळ सर्रास ऐकू येते. हिंदी ‘गृहशोभा’चा बुनाई विशेषांक दर थंडीत यायचा आणि पानं सुटेपर्यंत गल्लीभर फिरायचा, हे त्याचं एक कारण.

समाजसुधारकांनी या कामाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. नागपुरात रमाबाई तांबे यांनी १९२७ मध्ये सेवासदन काढलं. अशा संस्थांत शिवण-विणकाम शिकवण्यामागे विचार स्पष्ट होता : नवरा गेलेल्या, टाकलेल्या बाईच्या हातात चार पैसे यावेत. पण तोच विषय मध्यमवर्गीय मुलींच्या शाळेत गेला तेव्हा त्याचा अर्थ उलटा झाला. तिथे विणकाम म्हणजे मुलीला वळण असल्याचा पुरावा. रुखवतात मांडायचा, पाहुण्यांनी हात लावून ‘कुणी केलंय?’ विचारायचं, आणि मग ट्रंकेत ठेवून द्यायचा. एकच टाका एकीला रोजगार होता आणि दुसरीला दागिना. दुसरा अर्थ टिकला, पहिला मागे पडला. माझ्या मते सगळा घोळ इथेच झाला.

एकदा मात्र कुणीतरी तास मोजले होते. तेही नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्यात.

सूत कातणं हेही घरी बसून बायकांनी करायचं, ‘फावल्या वेळचं’ काम. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसनंतर चरखा घरोघरी गेला. १९२४ मध्ये बेळगावच्या अधिवेशनात तर काँग्रेसच्या सभासदाची वर्गणी पैशांऐवजी सुतात ठरली, महिन्याला २००० यार्ड. पण विकण्यासाठी सूत कातणाऱ्या गरीब बायकांना मिळणारी मजुरी इतकी कमी होती की खादी स्वस्त होती ती त्यांच्या जिवावर. गांधीजी तेव्हा वर्ध्यात राहत. १९३५ मध्ये त्यांनी आग्रह धरला की कातणारणीला आठ तासांच्या कामाचे आठ आणे मिळाले पाहिजेत. तासाला एक आणा. चरखा संघातल्या लोकांच्या पोटात गोळा आला. खादी महागेल, कुणी घेणार नाही, ज्या बायकांचं भलं करायला निघालो त्यांचंच काम जाईल, हे त्यांचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. त्या वर्षी वर्ध्यात चरखा संघानं किमान मजुरीचा ठराव केला : आठ तासांच्या चांगल्या कामाच्या हिशोबानं, निदान अन्नवस्त्र भागेल इतकी. प्रत्यक्ष दर आठ आण्यांपेक्षा बराच खाली ठेवावा लागला, खादीची किंमतही वाढली. पण मुद्दा मांडला गेला. किंमत ठरवताना ‘बाजारात कितीला मिळतं’ इथून सुरुवात करायची, की ‘हे करायला किती तास लागले’ इथून?

आमच्या दिवाणावरचा प्रश्न तोच होता. नव्वद वर्षांनी, सदर आणि इन्स्टाग्रामच्या मध्ये.

आजीला मी वर्ध्याचं सांगितलं. ती म्हणाली, ‘ते सूत होतं बापा, देशाचं काम.’ आणि मग स्वतःहूनच बासष्ट सालावर आली.

१९६२ मध्ये ती अठरा वर्षांची होती. २० ऑक्टोबरला चीनचा हल्ला झाला आणि आपले जवान सुती कपड्यांत, कॅनव्हासच्या बुटांत हिमालयात लढतायत ही बातमी घरोघरी पोचली. देशभर बायकांनी सुया हातात घेतल्या. कुणी सोन्याच्या बांगड्या संरक्षण निधीला दिल्या, ज्यांच्याकडे सोनं नव्हतं त्यांनी स्वेटर, मफलर, मोजे, कानटोप्या विणल्या. शाळांत मुली मधल्या सुटीत विणत. यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले त्या नोव्हेंबरात मराठी घरांतला उत्साह काय होता, हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारा.

आजीला युद्धाच्या तारखा आठवत नाहीत. मेंदी रंगाची लोकर आठवते. ती हाताला टोचायची. मापं मोठी होती, कारण जवान किती उंच असेल कुणाला ठाऊक, म्हणून वडिलांच्या छातीवर दोन इंच वाढवून टाके घातले. आणि तिला एक गोष्ट नीट आठवते. संध्याकाळी भांडी घासायला उठली तर वडील म्हणाले, ‘तू विणत बस. भांडी होतील.’

‘माझे बाबा असं बोलले,’ आजी म्हणाली. ‘त्यांना तर माहीत पण नव्हतं मला विणता येते म्हणून.’

ती विणत बसली. तेवीस-चोवीस दिवसांत तीन बिनबाह्यांचे स्वेटर आणि दोन मफलर झाले. २१ नोव्हेंबरला युद्धबंदी झाली. त्यानंतरही काही आठवडे विणणं चाललं, कारण थंडी तर पुढेच होती. मग लोकर संपली आणि भांडी पुन्हा तिच्याकडे आली. तिचा स्वेटर कुणाच्या अंगावर गेला, मुळात सीमेवर पोचला का, हे तिनं कधी विचारलं नाही. मला वाटतं त्या महिन्याभरात आजी कोड ९३ नव्हती. तिचं काम घरासाठी नव्हतं, देशासाठी होतं, म्हणून ते घरातल्या पुरुषाला काम म्हणून दिसलं. टाके तेच होते.

काम दिसायला ते घराबाहेर जावं लागतं, असं यावर कुणी म्हणेल. पण तेही खरं नाही. आंध्रमधल्या नरसापूरचं उदाहरण घ्या. तिथेही एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे त्याचा मोठा निर्यातधंदा झाला. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथे राहून १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. हजारो बायका घरी बसून परदेशी बाजारासाठी लेस विणत होत्या, आणि त्यांची कमाई शेतमजूर बाईच्या मजुरीपेक्षाही कमी होती. व्यापारी पुरुष होते. आणि या बायकांबद्दल सगळे, त्या स्वतःसुद्धा, काय म्हणत? ‘घरीच बसून असतात, फावल्या वेळात लेस करतात.’ दिवसाचे सहा-आठ तास फावला वेळ! लेस समुद्र ओलांडून जात होती, पण विणणारी उंबऱ्याच्या आत होती, एवढं तिची मजुरी पाडायला पुरेसं होतं.

काकूंच्या ‘तेवढ्यात बाजारात मिळतो’ला दुसरीही बाजू आहे, ती सांगायला हवी. बाजारात खरंच मिळतो. स्वस्त अ‍ॅक्रिलिक लोकर आणि लुधियान्याची यंत्रं यांनी घरच्या स्वेटरचं गणित कायमचं बदललं. विणकामाचं पहिलं यंत्र विल्यम ली या इंग्रजानं १५८९ मध्येच केलं होतं, सुयांचं काम यंत्राला मानवतं. नागपुरात दर थंडीला तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. त्यातले काही आपल्याच विदर्भातले : गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडजवळ १९७२ मध्ये वसलेली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, तिथली कुटुंबं उन्हाळा-पावसाळ्यात शेती आणि हिवाळ्यात हा व्यापार करतात. आपण त्याला तिबेटी स्वेटर म्हणतो, माल बहुतेक लुधियान्याचा असतो. मला त्या दुकानांबद्दल काही तक्रार नाही, माझी शाळेची सगळी थंडी तिथल्याच एका निळ्या स्वेटरात गेली. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचं तापमान ३.५ अंशांवर गेलं, त्या सकाळीही मी तोच घातला होता आणि वरून आजीची शाल.

क्रोशाचं मात्र वेगळं आहे. क्रोशाचा टाका बाजारात माल आणण्याइतका कुठल्याही यंत्राला अजून जमलेला नाही. एका वेळी एकच फास सुईवर, तो आधीच्या ओळीतल्या नेमक्या जागी घालून बाहेर काढायचा, ही हालचाल हातच करू शकतो. म्हणजे मॉलमध्ये दीडशे रुपयांना क्रोशाचा टॉप लटकलेला दिसला तर तो यंत्रामुळे स्वस्त नाही. कुठल्या तरी गावात कुणीतरी तो हातानं विणलेला आहे. एवढं कळल्यापासून मला त्या टॉपकडे नीट बघवत नाही.

आजीच्या हातचं आमच्याकडे काय उरलंय ते शोधायला मी परवा कपाट उघडलं. साठ वर्षांच्या कामातून निघाली एक कुंची, दोन रुमाल, एक तोरण. बाकी? ‘उसवलं,’ आजी म्हणाली. स्वेटर लहान झाला की शिवण सोडायची, धागा ओढत न्यायचा, खुर्चीच्या पाठीवर लडी गुंडाळायची, कोमट पाण्यात धुऊन वळ काढायचे, वाळली की पुन्हा गुंडा. काकाचा मरून स्वेटर बाबाचा झाला, बाबाचा उसवून त्यात पांढरी पट्टी घालून आत्याचा, आणि शेवटी उरलेल्या मरूनचे माझ्या बारशाचे मोजे. लुगडं विटलं तरी एखादं संग्रहालयात जातं. लोकरीची चांगली वस्तू तर मुळात उसवण्यासाठीच असते, तिची किंमत धाग्यात, आणि धागा पुढच्या पोराला लागतो. विणकामाचा इतिहास कुणी लिहिला नाही याचं एक साधं कारण हेही असावं की बायकांनी तो स्वतःच्या हातांनी उलगडून पुन्हा वापरला.

मोजे मला सापडले नाहीत. ते पण उसवले असणार.

काकूंना काय लिहायचं यावर आम्ही दोन दिवस घातले. माझा मसुदा लांबलचक होता, त्यात वर्धाही होतं. आईनं तो पुसला आणि लिहिलं, ‘काकू, लोकर दोनशेची. विणायला बावीस तास लागतात. नाताळला हवा असेल तर आज सांगा.’

दोन निळ्या खुणा आल्या. बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं : ‘बावीस तास?? मला वाटलं दोन-तीन संध्याकाळी होत असेल.’ पुन्हा थांबून : ‘सातशे चालतील का? आणि बाह्या जरा लांब ठेवा, पोरगा वाढतोय.’

आई हसली. आजीनं विचारलं काय झालं. आईनं वाचून दाखवलं.

‘लांब ठेव,’ आजी म्हणाली. ‘वरून खाली विण, म्हणजे पुढच्या साली त्यांना खालूनच वाढवता येईल. आणि आठशे सांग.’

तिनं माझा फोन मागून घेतला, वेळ मोजायचं ते बटण कुठलं ते विचारलं, आणि आईनं टाके घालायला सुरुवात केली तसं स्वतः दाबलं.